एका खोलीचा चित्रकार

चित्रकाराचा स्टुडिओ म्हटला की उंच छताचे दालन, मोठ्या खिडकीतून आत येणारा भरपूर प्रकाश आणि भिंतींना टेकून ठेवलेले भव्य कॅनव्हास असे दृश्य आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. घरात तशी जागा नाही म्हणून रंगांची पेटी माळ्यावर ठेवून दिलेले कितीतरी हौशी आणि गुणी लोक आपल्या गावोगावी आढळतील. विसाव्या शतकातील इटलीचे एक श्रेष्ठ चित्रकार मात्र जवळजवळ आयुष्यभर आपल्या झोपण्याच्या खोलीतच चित्रे काढीत राहिले. खोली सुमारे ९ चौरस मीटरची, म्हणजे आपल्या हिशेबाने शंभर चौरस फुटांच्याही आतली. तिच्यात एका बाजूला एकेरी पलंग आणि उरलेल्या जागेत ईझल, मेजे आणि बाटल्या. या चित्रकाराचे नाव जॉर्जो मोरांदी. आज जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत त्यांची छोटी चित्रे टांगलेली आहेत. त्या चित्रांचा उगम समजून घ्यायचा, तर या खोलीची मांडणी आणि ती ज्या घरात होती ते घर, दोन्ही समजून घ्यावी लागतात.

मोरांदी यांचा जन्म २० जुलै १८९० रोजी उत्तर इटलीतील बोलोन्या शहरात झाला. लांबच लांब कमानींखालून जाणारे रस्ते, विटांच्या तांबूस भिंती आणि युरोपातील अत्यंत जुने विद्यापीठ यांसाठी हे शहर प्रसिद्ध आहे. पाच भावंडांत ते थोरले. वडील आंद्रेआ एका निर्यात व्यापाराच्या कचेरीत काम करीत. मुलगाही त्याच व्यवसायात स्थिरावेल, अशी त्यांची अपेक्षा होती. त्यानुसार काही काळ तो कचेरीत गेलाही. परंतु त्याचे लक्ष हिशेबाच्या वह्यांत रमेना. अखेर १९०७ साली त्याला बोलोन्याच्या कला अकादमीत प्रवेश घेण्याची मुभा मिळाली. त्यापूर्वीच घरातील एक लहान भाऊ दगावला होता. १९०९ साली वडिलांचेही निधन झाले. आई मारिया आणि अन्ना, दीना व मारिया तेरेसा या तीन धाकट्या बहिणी यांच्या घरातला एकोणीस वर्षांचा जॉर्जो आता एकमेव पुरुष उरला होता.

पुढे हे कुटुंब व्हिया फोंदात्सा नावाच्या रस्त्यावर राहावयास गेले. या रस्त्याशी मोरांदी यांचे नाव कायमचे जोडले गेले. त्यांनी लग्न केले नाही. तिन्ही बहिणीही अविवाहित राहिल्या. आई, मुलगा आणि तीन मुली असा हा संसार दशकानुदशके एकाच छताखाली चालला. त्या घरात चित्रकारासाठी स्वतंत्र दालन काढणे शक्यच नव्हते. गावात भाड्याने जागा घ्यावी, तर पगार बेताचा होता. म्हणून झोपण्याची खोली हाच स्टुडिओ झाला. सोय नसल्यामुळे केलेली ही तडजोड होती. पण पुढे पैसा आला, कीर्ती आली, तरी मोरांदी यांनी ती खोली सोडली नाही.

अकादमीतील पहिली वर्षे समाधानाची गेली. नंतर शिक्षकांशी त्यांचे मतभेद वाढत गेले. याचे कारण होते पॉल सेझान. या फ्रेंच चित्रकाराची चित्रे मोरांदी यांनी प्रथम पाहिली ती पुस्तकांतील कृष्णधवल छपाईत. सफरचंदे, फडकी, डोंगर यांसारख्या साध्या विषयांतून सेझान यांनी उभा केलेला भरीव आकार त्यांच्या मनात घर करून राहिला. त्याच्या जोडीला जॉत्तो, पिएरो देल्ला फ्रांचेस्का असे इटलीचे जुने आचार्य होते. फ्लॉरेन्स आणि व्हेनिसच्या प्रवासांत त्यांनी जुनी चित्रे पाहिली. मात्र त्या काळातील बहुतेक तरुण चित्रकारांना पॅरिसची जी ओढ होती, तिच्यामागे ते गेले नाहीत. इटलीबाहेर पहिल्यांदा पाऊल ठेवले तेव्हा ते पासष्टी ओलांडून गेले होते. १९५६ साली ते स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे गेले.

शिक्षण संपल्यावर १९१४ साली त्यांना प्राथमिक शाळांत चित्रकला शिकवण्याची नोकरी मिळाली. पुढच्याच वर्षी इटली पहिल्या महायुद्धात उतरला आणि त्यांना सैन्यात बोलावणे आले. उंच शरीरयष्टीमुळे त्यांची रवानगी ग्रेनेडियर पलटणीत झाली. परंतु काही आठवड्यांतच ते गंभीर आजारी पडले आणि त्यांना घरी पाठवण्यात आले. प्रकृती सावरल्यानंतर, १९१८-१९च्या सुमारास, त्यांच्या चित्रांवर जॉर्जो दे किरिको आणि कार्लो कार्रा यांच्या गूढ, स्वप्नवत शैलीचा प्रभाव दिसतो. त्या चित्रांत शिवणकामाचा पुतळा, चेंडू, पेट्या अशा वस्तू रिकाम्या अवकाशात ठेवलेल्या आढळतात. हा टप्पा लवकरच संपला. १९२०च्या दशकात मोरांदी पुन्हा आपल्या मेजावरच्या बाटल्यांकडे वळले आणि शेवटपर्यंत त्यांच्यापाशीच राहिले.

आता त्या खोलीत शिरू. घराची रचनाच अशी होती की मोरांदी यांच्या खोलीत जायचे, तर बहिणींच्या खोलीतून जावे लागे. ये-जा करताना दारावर टकटक करणे, ही त्या घरातील रोजची रीत होती. खोलीला आतल्या अंगणाकडे उघडणारी एक खिडकी होती. छतातून पडणारा प्रकाश नव्हता. आलेला प्रकाश मोरांदी पातळ पांढऱ्या कापडाच्या पडद्याने गाळून घेत. त्यामुळे वस्तूंच्या कडा मवाळ होत आणि सावल्या फिकट पडत. त्यांच्या चित्रांतील करडा, मातकट, दुधी असा जो संयत रंगमेळ आहे, त्याचा पाया या गाळलेल्या प्रकाशात आहे.

मेजे एकाच उंचीची नव्हती. एखादा फळा जवळजवळ डोळ्यांच्या पातळीवर, एक मेज नेहमीच्या उंचीचे, एक त्याहून खाली. वस्तू तीच असली तरी समोरून पाहिली की तिचा काठ सरळ रेषेत दिसतो आणि वरून पाहिली की तोच काठ लंबगोल होतो. शालेय चित्रकलेच्या परीक्षेत वस्तुचित्राचा पेपर दिलेल्या प्रत्येकाला या लंबगोलाने कधी ना कधी घाम फोडलेला असतो. मोरांदी यांनी मेजांच्या उंचीचा हा फरक अभ्यासाचे साधन म्हणून वापरला. खोली लहान, तेव्हा चित्रकाराने दूर जाऊन पाहायचे कुठे? म्हणून त्यांनी स्वतः हलण्याऐवजी वस्तूंची पातळी बदलली.

मेजांवर जाड कागद पसरलेले असत. त्यावर बाटली ठेवली की तिच्या बुडाभोवती पेन्सिलीने रेघ ओढायची, ही त्यांची पद्धत होती. दुसरी मांडणी केली की दुसऱ्या रेघा. अशा खुणांवर खुणा साठत जाऊन त्या कागदांवर वर्तुळांचे आणि चौकोनांचे जाळे तयार झाले. या खुणांचा व्यवहारी उपयोग मोठा होता. रात्री झोपण्यापूर्वी मेज आवरावे लागले, एखादी वस्तू चुकून सरकली किंवा जुनी मांडणी पुन्हा हवीशी वाटली, तर प्रत्येक भांडे आपल्या जागी परत ठेवता येई. जेथे झोपायचे तेथेच काम करायचे असेल, तर कामाची स्थिती टिकवून ठेवण्याची काहीतरी युक्ती लागते. मोरांदी यांना ती पेन्सिल आणि कागदाने मिळवून दिली.

वस्तू म्हणाल तर त्या अगदी सामान्य. बाटल्या, पाण्याचे जग, फुलदाण्या, तेलाचे दिवे, पत्र्याचे डबे, वाडगे. पुष्कळशा भंगारवाल्यांकडून किंवा जुन्या बाजारातून आणलेल्या. घरी आल्यावर त्यांच्यावर संस्कार होत. बाटलीवरचे लेबल काढले जाई. काचेची चमक नको असल्यास आत रंग ओतला जाई किंवा बाहेरून चकाकी नसलेला रंग फासला जाई. हवा तसा आकार बाजारात मिळाला नाही, तर डब्याला गाळणे जोडून तो तयार केला जाई. नाव गेले, चमक गेली, उपयोग गेला. राहिला तो निव्वळ आकार. ज्या वस्तूंचे काम तूर्त नाही त्या शेजारच्या अडगळीच्या जागेत थांबत. अशा रीतीने मेजावर मोजक्याच वस्तू राहत आणि बाकीच्या हाताशी असूनही दृष्टीआड असत.

धूळ हा त्या खोलीचा आणखी एक रहिवासी होता. मांडलेल्या वस्तूंवर बसलेली धूळ पुसायची नाही, असा नियम होता. धुळीने पृष्ठभाग मखमली होई आणि उरलीसुरली चकाकी जाई. घर लख्ख ठेवणाऱ्या बहिणींनी आपल्या हाताला तेवढ्या एका मेजापासून आवरले, ही गोष्ट लहान वाटेल. परंतु एका घरात चार-पाच माणसे राहत असताना एखाद्याचा कोपरा वर्षानुवर्षे अस्पर्श राखणे किती अवघड असते, हे प्रत्येक गृहिणी जाणते.

मांडणी करण्यात मोरांदी यांचे कित्येक दिवस जात. एक डबा बोटभर पुढे, एक बाटली किंचित मागे, दोन भांड्यांच्या मधली फट थोडी कमी. फट बुजली की दोन वस्तूंचा मिळून एक आकार होतो. ती उघडली की मागची भिंत पुढे येते. हे सगळे मनाजोगते जुळले की प्रत्यक्ष रंगकाम मात्र बरेचदा झपाट्याने पार पडे. रंगाची भुकटी घोटून रंग करणे, लाकडी चौकटीवर कॅनव्हास ताणणे ही कामेही ते स्वतः करीत. चित्रे आकाराने लहान असत. पुष्कळशी तर वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानात मावतील एवढीच. अशा शिस्तीतून त्यांच्या हातून १३००हून अधिक तैलचित्रे झाली. जलरंगातील कामे आणि आरेखने वेगळी.

एचिंग हे त्यांचे दुसरे क्षेत्र. धातूच्या पत्र्यावर मेणासारखा थर देऊन त्यावर सुईने रेघा कोरायच्या, पत्रा आम्लात बुडवायचा आणि आम्लाने खाल्लेल्या रेघांत शाई भरून कागदावर छाप घ्यायचा, असे हे तंत्र. ते त्यांनी जुन्या हस्तपुस्तिका वाचून आणि रेम्ब्रांटसारख्यांची कामे न्याहाळून आत्मसात केले. रंग नाही, पुसून मिसळण्याची सोय नाही. केवळ आडव्या-तिरप्या रेघांच्या दाट-विरळ जाळ्यातून प्रकाश उभा करायचा. या कौशल्यामुळे १९३० साली बोलोन्याच्या अकादमीत एचिंगचे अध्यापकपद त्यांना स्पर्धा परीक्षेविना मिळाले. १९५६ पर्यंत त्यांनी ते सांभाळले. या नोकरीने घराला स्थैर्य आले आणि खपासाठी चित्रे काढण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

या जीवनाकडे पाहून अनेकांनी मोरांदी यांना संन्याशाची उपमा दिली. ती पूर्णपणे खरी नाही. ते समकालीन कलेविषयी उत्तम माहिती ठेवून असत, प्रदर्शनांच्या निवड समित्यांवर काम करीत आणि लेखक-समीक्षकांशी त्यांचा स्नेह होता. मुसोलिनीच्या राजवटीत सरकारी आश्रयाने भरलेल्या प्रदर्शनांत त्यांची चित्रे लागत. १९२६ साली मिलानमध्ये भरलेल्या ज्या मोठ्या प्रदर्शनाचे उद्घाटन खुद्द मुसोलिनीने केले, त्यातही ती होती. त्यांचे काही मित्र त्या राजवटीच्या जवळचे होते, तर काही तिचे कट्टर विरोधक. या विरोधकांशी असलेल्या संबंधांमुळे १९४३च्या मे महिन्यात मोरांदी यांना अटक झाली. मित्रांच्या खटपटीने थोड्याच दिवसांत त्यांची सुटका झाली. बाटल्यांच्या चित्रांत राजकारण दिसत नाही, हे खरे. पण राजकारण त्या खोलीच्या दारापर्यंत येऊन गेले होते.

बोलोन्यावर बॉम्बवर्षाव सुरू झाल्यावर हे कुटुंब डोंगराळ भागातील ग्रिझाना या गावी आश्रयाला गेले. १९१३ पासून मोरांदी कुटुंब तेथे उन्हाळ्यात राहावयास जात असे. तेथील चढ-उतार, पांढरी घरे आणि झाडी यांची निसर्गचित्रे त्यांच्या वस्तुचित्रांइतकीच महत्त्वाची मानली जातात. १९४४च्या शरद ऋतूत त्याच परिसरात मोंते सोले डोंगरावर जर्मन फौजांनी शेकडो नागरिकांची कत्तल केली. मोरांदी त्यापूर्वी शहरात परतले होते. परंतु ज्या टेकड्या त्यांनी शांतपणे रंगवल्या, त्यांच्या आसमंतातच हे घडले. युद्धकाळातील त्यांच्या काही निसर्गचित्रांत माणूस कुठेही नाही आणि खिडक्या आंधळ्या वाटतात.

मान्यता हळूहळू येत गेली. १९३४ साली कला-इतिहासकार रोबेर्तो लोंगी यांनी बोलोन्या विद्यापीठातील आपल्या पहिल्या व्याख्यानात मोरांदी यांची गणना इटलीच्या सर्वोत्तम हयात चित्रकारांत केली, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. १९४८च्या व्हेनिस बिएनालेत त्यांना इटालियन चित्रकारासाठीचे पहिले पारितोषिक मिळाले. १९५७ साली ब्राझीलमधील साओ पाउलो बिएनालेत चित्रकलेचा मोठा पुरस्कार लाभला. १९६० साली आलेल्या फेडेरिको फेलिनी यांच्या ‘ला दोल्चे व्हिता’ या चित्रपटात एका सुसंस्कृत पात्राच्या घरी मोरांदी यांचे चित्र दिसते. तोवर हे नाव अभिरुचीची खूण बनले होते. देशोदेशींचे संग्राहक व्हिया फोंदात्साचा पत्ता विचारीत येऊ लागले. मोरांदी परिचितांना माफक किमतीत चित्र देणे पसंत करीत. ग्रिझाना येथे त्यांनी १९६०च्या सुमारास एक साधे घर बांधले, एवढाच काय तो भाग्योदयाचा खर्च.

या साऱ्या कथेत बहिणींचे स्थान नेहमी एका ओळीत उरकले जाते. १९५० साली आई गेली आणि घराचा भार त्या तिघींवरच राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे आदरातिथ्य, स्वयंपाक, निगराणी, आपल्याच खोलीतून होणारी भावाची आणि पाहुण्यांची ये-जा, हे सर्व त्यांनी निभावले. घरातला छोटा स्टुडिओ हा कधीच एकट्याचा नसतो. तो उभा राहतो तेव्हा घरातील इतर कोणीतरी आपली जागा आणि आपली शांतता आक्रसून घेतलेली असते. मोरांदी यांच्या चित्रांतील निवांतपणाला त्या तीन स्त्रियांच्या सहकार्याचे अस्तर आहे. भावाच्या मृत्यूनंतर त्याची चित्रे जपून सार्वजनिक स्वाधीन करण्याचे श्रेयही बहिणींकडेच जाते. मारिया तेरेसा यांच्या देणगीच्या आधारे १९९३ साली बोलोन्यात मोरांदी संग्रहालय सुरू झाले.

धूम्रपानाची सवय मोरांदी यांना आयुष्यभर होती. अखेरच्या काळात त्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासले. १८ जून १९६४ रोजी, चौऱ्याहत्तरावा वाढदिवस महिन्यावर आला असताना, त्यांनी व्हिया फोंदात्सामधील घरीच शेवटचा श्वास घेतला. ग्रिझाना गावाने १९८५ साली आपल्या नावात त्यांचे नाव जोडून घेतले. आज ते गाव ग्रिझाना मोरांदी म्हणून ओळखले जाते.

घरच्या कोपऱ्यात कलेसाठी जागा करू पाहणाऱ्याला या आयुष्यातून काही रोखठोक गोष्टी घेता येतात. मेजावर मोजके ठेवावे आणि उरलेले दृष्टीआड, पण हाताशी असावे. प्रकाश भरपूर नसला तरी चालेल, तो दररोज सारखा असावा. आज थांबवलेले काम उद्या त्याच ठिकाणाहून सुरू करता येईल अशी खूण करून ठेवावी. त्या कोपऱ्याला हात लावायचा नाही, हे घरातील सर्वांशी ठरवून घ्यावे, आणि त्यासाठी त्यांनी काय सोसले याची जाणीव ठेवावी. जागा मिळेपर्यंत वाट पाहणे मात्र मोरांदी यांच्या हिशेबात कधीच नव्हते.

व्हिया फोंदात्सामधील ते ३६ क्रमांकाचे घर २००९ पासून लोकांना पाहण्यासाठी खुले आहे. एकेरी पलंग, ईझल, निरनिराळ्या उंचीची मेजे आणि त्यांवरच्या बाटल्या तेथे पूर्वीसारख्या मांडून ठेवल्या आहेत.